फारखती आणि पहिले कार्ड

दिवाळे निघून पुन्हा उभ्या राहिलेल्या अमेरिकन माणसापुढे काही वर्षांनी एक चमत्कारिक प्रश्न येतो. पत गेली होती त्या दिवसांत कोणतीही प्रतिष्ठित बँक त्याला दारात उभी करीत नव्हती. तेव्हा त्याने दोनतीनशे डॉलर अनामत ठेवून तेवढ्याच मर्यादेचे एक कार्ड मिळवलेले असते. किंवा अनामत न मागणारे, पण वर्षाला पाऊणशे डॉलर शुल्क कापून घेणारे एखादे. त्या कार्डावर तो महिन्याचे पेट्रोल भरतो, बिल मुदतीत चुकते करतो, आणि अशी तीनचार वर्षे गेल्यावर त्याला बऱ्यापैकी कार्डे मिळू लागतात. शुल्क नाही, अनामत नाही, मर्यादा पाचसात हजारांची. मग त्या पहिल्या कार्डाचे काय करायचे? ठेवायचे की बंद करायचे?

वरकरणी हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्याचा हिशेब पुढे येईलच. परंतु तो नुसत्या हिशेबाचा असता तर माणसे त्यापाशी इतकी अडखळली नसती. आपले सर्वांत जुने खाते कधीही बंद करू नये, हा सल्ला अमेरिकेत जवळजवळ म्हणीसारखा तोंडोतोंडी फिरतो, आणि तो ऐकून माणसे नको असलेल्या कार्डाचे शुल्क वर्षानुवर्षे भरत राहतात. देणे फिटले की धनकोशी असलेला संबंध तुटावा, ही ऋणकोची सर्व काळांतली साधी इच्छा. येथे मात्र एक पैसाही देणे नसलेला माणूस तो संबंध तोडायला भितो. ही भीती कोठून आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझ्या मते तिचे मूळ एका जुन्या व्यवस्थेत आहे: माणसाच्या सचोटीची आठवण त्याच्या स्वतःकडे नसून त्याच्या धनकोकडे असते, आणि धनको सांगेल तेवढीच ती खरी. ही व्यवस्था अमेरिकेत साधारण १८४१ साली जन्मली. (भारतातील पतनोंदणीचे कायदे वेगळे आहेत, येथे त्यांचा विचार नाही.)

१८४१ हे वर्ष मुद्दाम सांगितले. १८३७ साली अमेरिकेत मोठी आर्थिक पडझड झाली. बँकांनी कागदी चलनाच्या बदल्यात सोनेनाणे देणे थांबवले, पेढ्या बुडाल्या, आणि हजारो व्यापारी, कारागीर व शेतकरी न फिटणाऱ्या देण्यांत अडकले. या संकटाला चार वर्षांनी दोन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर काँग्रेसने दिले. ऑगस्ट १८४१ मध्ये संमत झालेल्या नादारीच्या कायद्याने ऋणकोला प्रथमच स्वतः होऊन न्यायालयात जाण्याची आणि असेल नसेल ते धनकोंच्या स्वाधीन करून देण्यातून मोकळे होण्याची मुभा दिली. तोवर नादारीचा अर्ज करणे हा धनकोचा हक्क होता. हा कायदा १८४३ साली रद्दही झाला, पण तेवढ्या अवधीत चाळीस हजारांहून अधिक माणसांनी त्याचा आधार घेतला. ज्यांचे नाव बाजारात संपले होते अशा माणसांना राज्यसंस्था म्हणत होती की मागचे मागे राहिले, आता नव्याने सुरुवात करा.

दुसरे उत्तर त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ल्युइस टॅपन या व्यापाऱ्याने दिले. त्याने मर्कंटाइल एजन्सी नावाची एक कचेरी उघडली. तिचे काम होते मागचे मागे राहू न देणे.

टॅपन हे विलक्षण गृहस्थ. बंधू आर्थर यांच्या रेशमाच्या पेढीवर उधारीचे काम ते पाहत. ही पेढी १८३७ च्या पडझडीत दहा लाख डॉलरहून अधिक देणे घेऊन बसली, आणि बंधूंनी ते देणे पुढे फेडले. दोघेही कट्टर गुलामगिरीविरोधक. १८३४ साली न्यूयॉर्कच्या दंगलखोर जमावाने ल्युइस यांचे घर लुटले होते. आमिस्टाड जहाजावरील आफ्रिकन बंदिवानांच्या बचावासाठी १८३९ पासून झटणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदिवानांच्या बाजूने निकाल दिला तोही मार्च १८४१ मध्ये. म्हणजे एकाच वर्षी हा मनुष्य काही माणसांना मुक्त करवून घेतो आणि देशभरच्या व्यापाऱ्यांवर नजर ठेवणारी यंत्रणाही उभारतो. याला विसंगती म्हणणे सोपे आहे. टॅपन यांच्या धार्मिक मनाला मात्र ती विसंगती वाटली नसावी. पाप उघड व्हावे आणि सचोटीला तिचे फळ मिळावे, ही एकच प्रेरणा त्यांना दोन्हीकडे दिसत असणार.

एजन्सीची कामाची रीत साहित्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. गावोगावचे वकील तिचे वार्ताहर. कोणता दुकानदार कसा आहे, हे ते गुप्तपणे लिहून पाठवीत. न्यूयॉर्कच्या कचेरीत कारकून तो मजकूर अजस्र खातेवह्यांत उतरवीत. वर्गणीदार व्यापारी कचेरीत येऊन विचारणा करी, तेव्हा त्याला ती नोंद वाचून दाखवली जाई. तिची प्रत हाती मिळत नसे. पुढे आर. जी. डन यांच्या नावाने चाललेल्या या संस्थेच्या अडीच हजारांहून अधिक खातेवह्या आज हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत. त्यांत आकडे आहेत, पण त्याहून जास्त गद्य आहे. माणूस कष्टाळू आहे का, दारू पितो का, संसार नीट करतो का, सासऱ्याचा पैसा मागे आहे का, मालमत्ता बायकोच्या नावावर करून ठेवली आहे का, पूर्वी कुठे दिवाळे काढले होते का? लघुरूपांनी भरलेल्या दोन-दोन, चार-चार ओळींच्या नोंदी. दर सहा महिन्यांनी नवी भर. स्कॉट सँडेज यांनी 'बॉर्न लूझर्स' (२००५) या पुस्तकात या वह्यांच्या आधारे अमेरिकेतील अपयशाच्या कल्पनेचा इतिहास लिहिला. व्यवहारातला तोटा हळूहळू माणसाच्या स्वभावाचा दोष कसा ठरत गेला, हे त्यांनी दाखवले आहे. एका अर्थी हे एकोणिसाव्या शतकातील सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी वाचले गेलेले व्यक्तिचित्रण. त्यातील पात्रांना मात्र आपण लिहिले जात आहोत हे ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असले तरी काय लिहिले आहे ते कळण्याची सोय नव्हती.

माणसाच्या वर्तनावरून त्याची पत जोखणे टॅपन यांनी शोधून काढले नाही, हे येथे सांगायला हवे. डॅनियल डिफो १६९२ साली सतरा हजार पौंडांचे देणे करून बुडाला होता, आणि १७२५-२६ च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथात त्याने पतीची तुलना कुमारिकेच्या शीलाशी केली. एकदा डाग लागला की लागलाच, असा त्याचा आशय. बेंजामिन फ्रँकलिनने १७४८ साली तरुण कारागिराला उपदेश केला, त्यातही भर यावरच आहे की आपले कष्ट धनकोच्या नजरेस आणि कानावर पडत राहिले पाहिजेत. मॅक्स वेबरने भांडवलशाहीच्या वृत्तीवर लिहिताना हाच मजकूर पुढे ठेवला. डिफो काय किंवा फ्रँकलिन काय, दोघांच्याही जगात धनको आणि ऋणको एका गल्लीत राहतात. एक हातोडा चालवतो, दुसऱ्याला तो ऐकू येतो. टॅपन यांच्या काळी कर्ज गल्लीबाहेर गेले होते. ओहायोतला दुकानदार न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलत होता, आणि त्याचा हातोडा ऐकणारे कान भाड्याने घ्यावे लागत होते. हर्मन मेलव्हिलने १८५७ साली 'द कॉन्फिडन्स मॅन' ही कादंबरी मिसिसिपीवरच्या एका आगबोटीवर रचली, ती अनोळखी माणसांनी भरलेल्या याच जगात. बोटीवरचा न्हावी उधारी नाही अशा अर्थाची पाटी लावून बसतो आणि एक बोलका उतारू त्याला ती उतरवायला लावू पाहतो. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी वाचत वाढलेल्या आपल्या वाचकाला त्या प्रसंगाची गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

भाड्याचे कान चुकतातही. ओहायोतील नॉरवॉक गावच्या बिअर्डस्ली नावाच्या व्यापाऱ्याबद्दल एजन्सीच्या वहीत त्याच्या घटस्फोटाची आणि मालमत्ता हातची घालवण्याची वदंता नोंदली गेली. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८५१ साली ज्यूरीने त्याला दहा हजार डॉलर देवविले. वरच्या न्यायालयात तो निकाल पुढे टिकला नाही, पण एक गोष्ट स्पष्ट झाली की वाक्य लिहिणे धोक्याचे आहे. नोंद वाक्यांकडून चिन्हांकडे सरकली त्याला हेही एक कारण. ब्रॅडस्ट्रीट यांनी १८५७ साली आणि डन यांनी १८५९ साली छापील पुस्तके काढली. त्यांत व्यापाऱ्याच्या नावापुढे सांकेतिक अक्षरे व आकडे असत. साध्या ग्राहकाची पाळी यायला आणखी काही दशके लागली. १८९९ साली अटलांटा शहरात वुलफर्ड बंधूंनी रिटेल क्रेडिट कंपनी काढली आणि किराणा दुकानदारांसाठी गिऱ्हाइकांची यादी बनवली. तीत तीनच शेरे होते: वेळेवर देणारा, सावकाश देणारा, रोखच मागावी असा. हीच कंपनी १९७० च्या दशकात इक्विफॅक्स या नावाने ओळखली जाऊ लागली.

येथे आपल्या भाषेकडे क्षणभर वळतो. मराठीत 'पत' हा शब्द बाजारातली उधारी आणि समाजातली अब्रू या दोहोंना एकत्र बांधतो. पत गेली म्हटले की कोणती गेली हे संदर्भावाचून कळत नाही, आणि बहुधा दोन्ही गेलेल्या असतात. पण मराठीत दुसराही एक शब्द होता, फारखत किंवा फारखती. देणे फिटल्यावर धनकोने लिहून द्यायचा मोकळीकीचा कागद. काडीमोडाच्या कागदालाही हेच नाव. फारखती हातात आली की संबंध संपला, आणि संपल्याचा पुरावा ऋणकोच्या पेटीत राहिला. तो कागद धनकोपाशी ठेवण्यात काही अर्थच नव्हता. अमेरिकेतल्या आधुनिक पतव्यवस्थेत या पेटीला जागा नाही. देणे फिटल्याची साक्ष ऋणकोच्या घरी नसते. ती तिसऱ्याच्या वहीत, धनकोने दर महिन्याला पाठवलेल्या माहितीतून साठते. पहिले कार्ड बंद करताना जी धाकधूक होते ती या साक्षीची आहे. साक्षीदाराला निरोप दिला तर तो आपल्या बाजूने बोलायचे थांबेल, असे माणसाला वाटते.

या वहीवर कायद्याचा अंमल फार उशिरा आला. १९७० साली संमत झालेल्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टने माणसाला आपल्याविषयी काय नोंदले आहे हे जाणून घेण्याचा हक्क दिला आणि विसरण्याच्या मुदती ठरवल्या. बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनी गळाव्यात, दिवाळखोरीची नोंद चौदा वर्षांनी. १९७८ च्या नादारी कायद्याने ही चौदा वर्षे दहावर आणली. म्हणजे १८४१ साली वेगळ्या दिशांनी निघालेली दोन उत्तरे, विसरणारे आणि लक्षात ठेवणारे, सव्वाशेहून अधिक वर्षांनी एकाच कलमात येऊन भेटली. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. वादग्रस्त नोंदीविषयी ग्राहकाला आपली बाजू मांडणारे निवेदन वहीत जोडता येते, आणि कचेरी मदत देत असेल तर त्याला शंभर शब्दांची मर्यादा घालू शकते. वकील, कारकून आणि शेजारी यांनी लिहिलेल्या लाखो नोंदींनंतर खुद्द पात्राला मिळालेले हे शंभर शब्द. ते कोणी वाचत असेल का, हा प्रश्न वेगळा. गुणांक काढणारे यंत्र तरी ते वाचत नाही.

वही कोणाच्या नावाची, हाही प्रश्न तेव्हाच पुढे आला. लग्न झाले की बाईचे खाते नवऱ्याच्या नावाने चाले. ती वर्षानुवर्षे घरची बिले वेळेवर भरी, पण नोंद नवऱ्याची. वैधव्य आले किंवा घटस्फोट झाला की तिच्यापाशी इतिहासच नसे. वीस वर्षे संसाराचा हिशेब सांभाळलेली बाई पतव्यवस्थेच्या दृष्टीने काल जन्मलेली. १९७४ च्या इक्वल क्रेडिट अपॉर्च्युनिटी ॲक्टने लिंग आणि वैवाहिक स्थिती यांवरून भेद करण्यास बंदी केली, १९७६ च्या दुरुस्तीने वंश, धर्म आदी कारणे त्यात घातली, आणि १९७७ पासून पती-पत्नी दोघेही वापरत असलेल्या नव्या खात्याची नोंद दोघांच्याही नावे देणे बंधनकारक झाले. फारखत या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात, हे सहज सुचले म्हणून सांगितले.

कार्ड आणि गुणांक यांची कथा बरीच सांगितली गेली आहे, म्हणून थोडक्यात. १८ सप्टेंबर १९५८ रोजी बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात साठ हजार लोकांना न मागता कार्डे टपालाने पाठवली. कोणाची पत आहे, कोणाची नाही, हे पाहण्याची तसदीही फारशी घेतली नव्हती. थकबाकी चार टक्के राहील असा अंदाज होता. ती बावीस टक्क्यांवर गेली. न मागता कार्ड पाठवण्यावर १९७० साली बंदी आली. दरम्यान १९५६ साली बिल फेअर या अभियंत्याने आणि अर्ल आयझॅक या गणितज्ञाने आपल्या नावांची कंपनी काढली, आणि कर्ज कोण बुडवील याचा अंदाज जुन्या नोंदींच्या संख्याशास्त्रावरून बांधता येतो असे सावकारी कंपन्यांना सांगायला सुरुवात केली. १९८९ साली त्यांचा सर्वसाधारण गुणांक आला, तोच फायको. कमाल ८५०, किमान ३००. १९९५ पासून घरकर्जाच्या बाजारात त्याला मान्यता मिळाली आणि बघताबघता तो अमेरिकन माणसाची दुसरी जन्मपत्रिका होऊन बसला.

या गुणांकाने टॅपन यांच्या वहीतली कुचाळकी काढून टाकली, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. बायको, सासरा, दारू, चर्च यांना त्यात स्थान नाही. ढोबळ मानाने ३५ टक्के वजन वेळेवर फेडण्याला, ३० टक्के असलेल्या देण्याला, १५ टक्के खात्यांच्या वयाला, आणि दहा-दहा टक्के नवी कर्जे व कर्जांचे प्रकार यांना. पण गद्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे कारण. १८५० च्या वहीतला वार्ताहर निदान लिहू शके की दुकान आगीत जळाले, माणूस चांगला आहे. आजच्या नोंदीत तीस दिवस उशीर म्हणजे तीस दिवस उशीर. मग तो रुग्णालयात होता की जुगाराच्या अड्ड्यावर, हे गुणांकाला दिसत नाही. म्हणून पडलेल्या माणसाला आपली बाजू सांगून पत मिळवता येत नाही. ती फक्त नव्या नोंदींनी मिळते, आणि नव्या नोंदींसाठी कोणीतरी नवे खाते द्यावे लागते.

हे खाते देणारे कोण? १९७८ च्या मार्क्वेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की राष्ट्रीय बँकेला आपल्या मूळ राज्यातला व्याजदर देशभर लावता येतो. दक्षिण डाकोटाने आपली व्याजमर्यादा उठवली आणि १९८१ साली सिटीबँकेने आपला कार्डाचा व्यवसाय त्या राज्यातील सू फॉल्स येथे नेला. ज्या माणसाला पूर्वी कोणत्याच दराने कर्ज देणे परवडत नव्हते, त्यालाही आता चढ्या दराने देणे परवडू लागले. अनामत घेऊन दिलेली कार्डे १९८० च्या दशकात पसरली. त्यांत काही प्रामाणिक होती; क्रेडिट युनियनांची तर स्वस्तही. पण त्यांच्याशेजारी दुसरी एक जात वाढली. तीनशे डॉलर मर्यादेचे कार्ड द्यायचे आणि उघडण्याचे, वर्षाचे, महिन्याचे अशी शुल्के पहिल्याच दिवशी लावून निम्मी मर्यादा खाऊन टाकायची. २००९ च्या कार्ड ॲक्टने पहिल्या वर्षाची शुल्के मर्यादेच्या २५ टक्क्यांवर आणून ठेवली. त्यावर दक्षिण डाकोटातल्याच एका बँकेने ७९.९ टक्के व्याजाचे कार्ड देऊ करून पाहिले. सावकाराची युक्ती कोणत्याही देशात कमी पडत नाही.

तेव्हा पहिल्या कार्डाबद्दल माणसाच्या मनात मिश्र भावना असतात यात नवल नाही. कोणी विचारत नव्हते तेव्हा याने विचारले ही कृतज्ञता, आणि विचारताना खिसा कापला हा राग. माझ्या मते निर्णय घेताना या दोहोंना बाजूला ठेवावे आणि साक्षीदार गप्प होतो का, एवढेच तपासावे.

तो लगेच गप्प होत नाही. वेळेवर फेडलेले खाते बंद केल्यावर क्रेडिट ब्यूरोच्या वहीत सर्वसाधारणपणे दहा वर्षे राहते, आणि फायको त्याचे वय तोवर मोजत राहतो. समजा कार्ड २०१८ साली उघडले, नंतरची दोन २०२२ आणि २०२४ साली. पहिले २०२६ मध्ये बंद केले तर ते वहीतून साधारण २०३६ च्या सुमारास जाईल. तेव्हा उरलेली दोन चौदा आणि बारा वर्षांची झालेली असतील. जुने खाते बंद केल्याक्षणी इतिहास पुसला जातो, ही समजूत म्हणूनच खरी नाही. व्हँटेजस्कोअर ही २००६ साली आलेली दुसरी पद्धत बंद खाते वयाच्या हिशेबातून वगळूही शकते, हे मात्र ध्यानात असावे.

खरा परिणाम होतो तो दुसऱ्याच जागी, एकूण मर्यादेच्या मानाने देणे किती यावर. तेथेही आकडे मांडून पाहावेत. एकाकडे तीनशेचे पहिले कार्ड आणि पाच व सात हजारांची दोन कार्डे आहेत, देणे बाराशे. पहिले कार्ड गेले तर प्रमाण पावणेदहा टक्क्यांवरून दहावर जाते. यासाठी वर्षाला पाऊणशे डॉलर भरणे म्हणजे पत नव्हे, भाबडेपणा. दुसऱ्याकडे पाचशेचे पहिले आणि हजाराचे एकच दुसरे कार्ड, देणे साडेचारशे. बंद करताच तीस टक्क्यांचे पंचेचाळीस होतात, आणि त्याच वर्षी त्याला घरकर्ज काढायचे असेल तर ही चूक महाग पडेल. त्याने थांबावे, देणे उतरवावे, कर्ज पदरात पडू द्यावे. मर्यादेच्या या प्रमाणाला प्रचलित गुणांकांत फारशी स्मृती नसते. देणे फेडले की ते पुन्हा खाली येते.

मधला मार्गही असतो. बँकेला विनंती केली तर ती कधी कधी तेच खाते शुल्क नसलेल्या दुसऱ्या कार्डात बदलून देते. उघडल्याची तारीख तीच राहते, अनामत परत मिळते. शुल्क नसलेले कार्ड बंद करण्याचे तर काही कारणच नाही. मात्र त्यावर वर्षातून एकदोनदा काही घ्यावे, कारण पडून राहिलेले कार्ड बँक आपण होऊन बंद करू शकते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर बँकांनी अशी कार्डे बंद करण्याचा आणि मर्यादा छाटण्याचा सपाटा लावला होता.

अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला यातले बरेच ओळखीचे वाटेल, जरी त्याचे दिवाळे कधी निघालेले नसले तरी. पुण्याच्या बँकेतली त्याच्या कुटुंबाची तीन पिढ्यांची पत तिकडच्या ब्यूरोच्या वहीत येत नाही. चांगल्या पगाराचा अभियंता पहिले कार्ड मिळवण्यासाठी पाचशे डॉलर अनामत ठेवतो, तेव्हा १९७० पूर्वीच्या त्या विधवेसारखाच तोही काल जन्मलेला असतो. त्याच्यापुढे कलंक धुण्याचा प्रश्न नसतो. म्हणून त्याला ते कार्ड बंद करणे मनाने सोपे जाते. आणि त्याची वही पातळ असल्यामुळे घाईने बंद करणे जास्त नडते.

उलट दिवाळ्यातून आलेल्या माणसाला बंद करणेच कठीण जाते, आणि बहुधा त्याच्याच कार्डाचे शुल्क जास्त असते. नव्या दोन कार्डांवर दोनतीन वर्षांच्या स्वच्छ नोंदी झाल्या असतील, नजीक कोणते मोठे कर्ज काढायचे नसेल, आणि शुल्क माफ करायला वा कार्ड बदलून द्यायला बँक तयार नसेल, तर त्याने ते कार्ड बंद करावे असे मला वाटते. आधी शेवटचा पैसा चुकता करावा, अनामत असेल तर परत मागावी, लेखी कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे.

दोनेक महिन्यांनी ब्यूरोकडून आपल्या नोंदीची प्रत मागवावी. १९९६ साली फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टमध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, ग्राहकाने स्वतः होऊन खाते बंद केले असेल तर धनकोने तसे कळवावे लागते आणि ब्यूरोने ते नोंदवावे लागते. टॅपन यांच्या वार्ताहरांपासून चालत आलेल्या त्या वहीत बाकी सगळीकडे दुसऱ्यांनी याच्याविषयी सांगितलेले असते. त्या एका रकान्यात मात्र ग्राहकाच्या विनंतीवरून खाते बंद, असा शेरा असतो. तो तसा आला आहे का, हे पाहावे. धनकोने बंद केले असे चुकून आले असेल तर दुरुस्ती मागावी, आणि कोणी ऐकलेच नाही तर ते शंभर शब्द आहेतच.